गुडघ्यातली चंद्रकोर



आम्ही काही डॉक्टर नव्हे. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेली माणसं. पण वर्षभर गुडघ्यानं जे शिकवलं ते सांगा, असा मंडळाचा हुकूम आहे.

गेल्या गणपतीत लेझीमच्या सरावात पाय रोवलेला राहिला, अंग वळलं आणि गुडघ्यात कट्ट झालं. दुसऱ्या दिवशी सूज. मांडी घालता येईना. आम्ही तेल लावून जोरात चोळून घेतलं, सूज आणखी वाढली. ती चूक आमचीच.

मांडीचं आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये प्रत्येक गुडघ्यात कुर्चेच्या दोन गाद्या असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच चंद्रकोर. (चतुर्थीचा चंद्र पाहू नये म्हणतात, आम्ही तर एमआरआयमध्ये पाहिला!) गादीच्या बाहेरच्या कडेला रक्त पोहोचतं, आतल्या भागाला नाही. म्हणून कडेची फाट शिवली तर जुळू शकते. आतली सहसा जुळत नाही, तिथं फाटका तुकडा कापून काढतात. दोन्ही कामं दुर्बिणीनं होतात.

एका ठिकाणी फिल्म पाहताच "याच आठवड्यात ऑपरेशन" म्हणाले. आम्ही पैशांची जुळवाजुळवही सुरू केली. घरून आग्रह झाला, आणखी एकाला दाखवू. त्या डॉक्टरांनी आधी विचारलं, गुडघा मध्येच अडकतो का? पूर्ण सरळ होतो का? अडकत नव्हता. ते म्हणाले, ही झिजेची फाट, लेझीम निमित्त झालं. त्यांनी फिनलंडमधला प्रयोग सांगितला. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. अशा १४६ रुग्णांपैकी काहींची खरी शस्त्रक्रिया केली, काहींची नुसती लुटुपुटूची. वर्षानंतर दोघांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

मग तीन महिने फिजिओथेरपी. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबणं, पाय सरळ उचलणं, सायकल. पहिला महिना काही फरक दिसेना, सोडून द्यावंसं वाटलं. नंतर ऑफिसचा जिना चढता येऊ लागला.

पण आमचं ऐकून सगळ्यांनी व्यायामच करत बसू नये. तरण्या पोराचा गुडघा खेळताना पिळवटून अडकला, सरळच होईना, तर ताबडतोब हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. तिथं शिवण्याची संधी असते, उशिरानं ती जाते. गादी जितकी जास्त काढाल तितकी पुढं सांध्याची झीज जास्त.

मांडी अजून पुरती बसत नाही. आरतीला आम्ही खुर्चीवर असतो, वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. यंदा लेझीम नाही. मिरवणुकीत झांज आमच्याकडे.