एका वर्तमानपत्राची शर्यत

१९०० सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या १६ तारखेस पॅरिस शहरांत एक नवें क्रीडा-दैनिक सुरू झालें. त्याचें नांव ‘लोतो-व्हेलो’, आणि त्याचा कागद पिवळा. शहरांतील जुनें व बलाढ्य क्रीडा-दैनिक ‘ल व्हेलो’ हें हिरव्या कागदावर निघत असे; गिऱ्हाइकाला दोहोंतील फरक दुरूनच कळावा, एवढीच त्या पिवळ्या रंगाची मातब्बरी होती. पुढें हाच रंग जगांतील लाखों लोकांच्या ओळखीचा होईल, हें त्या दिवशीं कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें.

हें पत्र वाचकांच्या गरजेंतून जन्मलें नव्हतें. तें जन्मलें एका भांडणांतून. त्या काळीं द्रेफ्यूस प्रकरणानें फ्रान्समध्यें घराघरांत फूट पाडली होती. मोटारींचे कारखानदार काउंट द दियों हे द्रेफ्यूसच्या विरुद्ध पक्षाचे. १८९९ सालीं घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर एका माथेफिरूनें अध्यक्ष लूबे यांच्यावर काठी चालविली. त्या दंगलींत काउंटसाहेबहि सांपडले आणि थोडे दिवस तुरुंगवास भोगून आले. ‘ल व्हेलो’चे संपादक प्येर झिफार हे द्रेफ्यूसचे कैवारी. त्यांनीं काउंटांवर टीका केली. काउंटांनीं त्यांच्या पत्राकडे पाठ फिरविली आणि मिशलँ, क्लेमाँ इत्यादि कारखानदारांस जमवून स्वतःचें पत्र काढलें. भांडवल होतें, जाहिराती होत्या, सूड घेण्याची ईर्षा होती. नव्हते ते फक्त वाचक.

संपादकपदीं आंरी देग्रांझ यांची योजना झाली. हे गृहस्थ पूर्वीं वकिलाच्या कचेरींत कारकून होते. १८९३ सालीं एका तासांत ३५ किलोमीटरांहून थोडें अधिक अंतर सायकलीवर तोडून त्यांनीं विक्रम केला होता, आणि पुढें ‘पार्क दे प्रँस’ या सायकल-मैदानाची व्यवस्था ते पाहत असत. लेखणी तिखट, स्वभाव करडा. परंतु तिखट लेखणीनें खप वाढतोच असें नाहीं. दोन वर्षें झालीं तरी पत्र पंचवीस हजारांच्या आसपास घोटाळत राहिलें. त्यांतच झिफार यांनीं नांवाच्या साधर्म्याबद्दल दावा लावला व तो जिंकला. १९०३ च्या जानेवारींत ‘व्हेलो’ हा शब्द गाळून पत्राला नुसतें ‘लोतो’ व्हावें लागलें. सायकलींच्या शौकिनांसाठीं काढलेल्या पत्राच्या नांवांतून सायकलच नाहींशी झाली! पैसा घालणाऱ्यांचा धीरहि सुटत चालला होता.

अशा वेळीं, १९०२ च्या नोव्हेंबरांत, झेओ लफेव्र नांवाच्या पंचविशींतील बातमीदारानें संपादकांसमोर एक कल्पना मांडली. सबंध फ्रान्स देशाला सायकलीवरून प्रदक्षिणा घालावयाची! वर्तमानपत्रानें शर्यत भरविणें ही गोष्ट कांहीं नवी नव्हती. १८९१ सालीं ‘ल पती झूर्नाल’ या दैनिकानें पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत व परत अशी शर्यत घेतली होती, आणि तिचे सूत्रधार होते हेच झिफार. पण त्या शर्यतींचा निकाल दोनचार दिवसांत लागे. चार दिवसांची बातमी चार दिवसच खपते. लफेव्र यांच्या कल्पनेंत शर्यत टप्प्याटप्प्यानें, मध्यें विश्रांतीचे दिवस घेत, कित्येक दिवस चालणार होती. देग्रांझ प्रथम कचरले. खजिनदार विक्तोर गोदे यांच्याकडे त्यांनीं बोट दाखविलें, तें बहुधा त्यांनीं नकार द्यावा म्हणूनच. पण खजिनदारच या साहसावर भाळले! संपादकाला साहस सुचावें आणि खजिनदारानें हात आंखडावा, हा जगाचा रिवाज येथें उलटा झाला.

१९ जानेवारी १९०३ रोजीं शर्यतीची घोषणा झाली. मेअखेरीस प्रारंभ करावयाचा, तर आठवड्यावर मुहूर्त येऊन ठेपला तरी नांवें आलीं अवघीं पंधरा. मग तारीख जुलैवर ढकलली, प्रवेशफी वीस फ्रँकांची दहा केली, बक्षिसांची रक्कम वीस हजारांवर नेली, आणि पहिल्या पन्नास जणांस रोजचे पांच फ्रँक भत्ता देऊं केला. पाहुणे येत नाहींत असें दिसल्यावर यजमानानें जेवणावर दक्षिणाहि जाहीर करावी, तसाच हा प्रकार. साठ स्वार जमले. पुष्कळांना कोणत्याहि कारखान्याचा आधार नव्हता. हातावर पोट असलेले लोक होते ते.

१ जुलै रोजीं दुपारीं पॅरिसजवळच्या एका खाणावळीपुढून शर्यत सुटली. पॅरिस ते लियों हा पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरांचा; पुढें मार्सेय, तूलूझ, बोर्दो, नांत आणि परत पॅरिस. एकूण सहा टप्पे, २,४२८ किलोमीटर. मुंबईहून नागपूरमार्गें हावड्यास जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेपेक्षां ही वाट सुमारें साडेचारशें किलोमीटरांनीं लांब, आणि तीहि कच्च्या, धुळीच्या रस्त्यांवरून, रात्रीच्या अंधारांत. देग्रांझ स्वतः प्रारंभास हजर राहिले नाहींत. अपयश आलें तर तें डोळ्यांनीं पाहावयास नको, असा हिशेब असावा. सारा भार लफेव्र यांच्यावर. ते कांहीं वाट आगगाडीनें, कांहीं सायकलीनें कापीत. स्वारांवर नजर ठेवीत, वेळेची नोंद घेत, आणि रात्रीं बातमीहि तेच लिहीत.

या शर्यतीची खरी खुबी श्रोत्यांनीं येथें ध्यानांत घ्यावी. मैदानांतील खेळ तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला सगळा दिसतो. घरीं जाऊन त्याचें वर्णन वाचण्याची त्याला फारशी गरज नसते. रस्त्यावरची शर्यत फुकट, पण ती पाहणाऱ्याला दिसतें काय? पहांटेच्या अंधुक प्रकाशांत धुळीनें माखलेले चारदोन स्वार समोरून निघून जातात. क्षणभर चाकांची घरघर, आणि रस्ता पुन्हां मोकळा. पुढें कोण आहे, मागें कोण पडला, कोणाचें चाक मोडलें, कोणी रस्त्याकडेला झोंप काढली, हें त्या गांवकऱ्याला कळावें कसें? नभोवाणी तेव्हां नव्हती. त्यासाठीं पिवळें पत्रच विकत घ्यावयाचें. ज्या गोष्टीचा एक तुकडा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला, तिचे बाकीचे तुकडे जुळविण्याची ओढ मनुष्याला विलक्षण असते. शिवाय एकूण वेळेची बेरीज करून क्रम ठरत असल्यामुळें कालचा अंक जपून ठेवावा लागे व आजचा त्याच्याशीं ताडून पाहावा लागे. ‘लोतो’नें खेळाचें वृत्त दिलें असें नव्हे, वृत्तावांचून जो पुरा पाहतांच येणार नाहीं, असा खेळच त्यानें निर्माण केला.

१९ जुलै रोजीं मोरिस गारँ हा स्वार पहिला आला. हा मूळचा इटलीच्या सीमेवरचा. लहानपणीं धुराडीं साफ करून त्यानें पोट भरलें होतें. दुसऱ्या क्रमांकाच्या स्वाराहून तो जवळजवळ तीन तासांनीं पुढें होता. साठांपैकीं एकवीस जण परत आले. त्यांचें स्वागत झालें तें देग्रांझ यांच्याच पार्क दे प्रँस मैदानांत, आणि तेथें मात्र तिकीट होतें! पत्राचा खप पंचवीस हजारांवरून पासष्ट हजारांवर गेला. पुढच्याच वर्षीं, १९०४ च्या अखेरीस, ‘ल व्हेलो’ बंद पडलें. झिफार यांना पुढें ‘लोतो’मध्येंच लेखनाचें काम मिळालें, देग्रांझ करडे खरे, पण एवढें औदार्य त्यांच्यापाशीं होतें.

तथापि लोकांना वेड लावणें सोपें, त्या वेडाला आवरणें कठीण. १९०४ च्या शर्यतींत आपल्या गांवचा गडी पुढें जावा म्हणून लोकांनीं दुसऱ्यांच्या वाटेवर खिळे पसरले. सेंत-एतियेनजवळ रात्रीच्या अंधारांत जमावानें परक्या स्वारांना झोडपलें. नीम येथें दगडफेक झाली. कांहीं स्वारांनीं आगगाडीनें वाट कापल्याचे आरोप आले. अखेर चौकशी होऊन डिसेंबरांत पहिले चारहि बाद ठरले, गारँ त्यांत आलाच. आणि विजयाचा मान आंरी कोर्ने या विशीच्या आंतील पोराला मिळाला. ही शर्यत स्वतःच्याच यशानें मेली, अशा अर्थाचें देग्रांझ यांनीं स्वतःच्या पत्रांत लिहिलें. ज्या अंकांनीं प्रत्येक गांवचा अभिमान डिवचून खप वाढविला होता, त्यांच्या संपादकाला गांवकऱ्यांच्या या वेडाचा इतका विस्मय कां वाटावा, हें मात्र सांगणें कठीण.

शर्यत मेली नाहीं. टप्पे लहान केले गेले, रात्रीच्या मजला कमी झाल्या, १९१० मध्यें पिरेनीज पर्वताचे घाट आले. १९१९ सालीं सर्वांपुढें असलेला स्वार गर्दींत ओळखूं यावा म्हणून त्याला पत्राच्या कागदाच्याच रंगाचा, पिवळा अंगरखा देण्यांत आला. जाहिरात कोणती आणि सोय कोणती, हें त्यांत निवडणें अवघड होतें. खऱ्या जाहिरातदारांशीं मात्र देग्रांझ यांचें कधींच जमलें नाहीं. सायकलींचे कारखानदार पत्राला जाहिराती देत आणि शर्यतींत आपापले चमू उतरवून निकालहि आपल्या सोयीनें लावूं पाहत. १९२९ सालीं आजारी पडलेला द व्हाल हा स्वार त्याच्या कारखान्याच्या चमूनें जणूं ढकलीत विजयापर्यंत नेला, तेव्हां देग्रांझ यांचा संताप अनावर झाला. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं कारखान्यांचे चमू बंद करून राष्ट्रांचे चमू आणले, आणि सर्वांना एकसारख्या पिवळ्या सायकली पत्राच्या खर्चानें दिल्या. खर्च भागावा कसा? तर स्वारांच्या पुढें जाहिरातींच्या मोटारींचा तांडा सोडावयाचा; मनिये चॉकलेटवाले त्यांत अग्रभागीं होते. सायकलवाल्यांच्या तावडींतून सुटण्यासाठीं शर्यत चॉकलेटवाल्यांच्या दारीं गेली. फरक एवढाच कीं, शर्यत कोणीं जिंकावी याच्याशीं चॉकलेटवाल्यांना कर्तव्य नव्हतें.

देग्रांझ १९४० सालीं वारले. जर्मनांच्या अमलाखालीं ‘लोतो’ निघत राहिलें, या कारणास्तव १९४४ मध्यें तें बंद करण्यांत आलें. खजिनदार गोदे यांचे चिरंजीव झाक गोदे यांनीं २८ फेब्रुवारी १९४६ रोजीं ‘लेकिप’ हें नवें क्रीडा-दैनिक काढलें. त्याला परवानगी मिळाली ती कागद पिवळा नसावा या अटीवर. १९४७ सालीं शर्यत पुन्हां सुरू झाली. पत्र पांढऱ्या कागदावर छापलें जात होतें. अंगरखा पिवळाच राहिला.