फोन काढून घेण्याआधी



महाड-पोलादपूरच्या मुली इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅपवर कशाला असतात, असं पालक मला विचारतात. मुलग्यांना नाका आहे, मैदान आहे. मुलगी कॉलेज सुटलं की एसटी गाठून वाडीवर परतते. मग मैत्रिणीशी बोलायला फोनच उरतो.

एकीचा फोटो कुणी अश्लील करून पसरवला. ती घरी बोलली नाही. “फोन जाईल, कॉलेजही जाईल.” गुन्हा त्याचा, शिक्षा हिला! माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 खाली पहिल्याच गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद आहे.

1927 साली याच महाडात चवदार तळ्यावर सार्वजनिक पाण्याचा हक्क बजावला गेला. चारचौघांत वावरण्याचा हक्क मुलींचाही आहे. फोन काढून घेऊ नका. तिच्यासोबत पोलीस ठाण्यात चला.