सुन्न पायाची हाक

मी फिजिओथेरपिस्ट. गेवराई तालुक्यातल्या उमापूरचा एक ऊसतोड कामगार काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला होता. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना तो पडला आणि पाठीचा मणका मोडला. मज्जारज्जूला इजा झाल्यानं कमरेखालची ताकद आणि संवेदना दोन्ही गेल्या. ऑपरेशन होऊन तो घरी आला. दोन महिन्यांनी उजवी मांडी सुजली, हाताला गरम लागू लागली, अंगात कणकण राहू लागली.

घरच्यांना वाटलं, पडून राहिल्यानं सांधा आखडला. कुणीतरी सांगितलं, तेल लावून चोळा, गुडघा छातीकडे दाबा. बायको आणि भाऊ दोन्ही वेळा जोर लावत. त्याला दुखत नव्हतं, म्हणून यांचा हातही थांबत नव्हता. माझ्याकडे आणलं तेव्हा खुबा हलेना. एक्स-रे काढला तर खुब्याच्या पुढे, मांडीच्या स्नायूंमध्ये चक्क हाड तयार झालेलं!

याला वैद्यकात 'हेटेरोटॉपिक ऑसिफिकेशन' म्हणतात, म्हणजे भलत्या जागी हाड तयार होणं. पहिल्या महायुद्धात लुळ्या पडलेल्या सैनिकांमध्ये हा प्रकार दिसला आणि ऑगस्टा देजेरिन-क्लुंपके आणि आंद्रे सेलिए या फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९१८ मध्ये त्याचं वर्णन केलं. मज्जारज्जूला किंवा मेंदूला मोठी इजा झाली की लुळ्या भागातल्या स्नायूंभोवतीच्या काही पेशी वाट चुकतात आणि हाड घडवू लागतात. सगळ्यांत जास्त वेळा हे खुब्याशी होतं, त्याखालोखाल गुडघ्याशी. बहुधा इजेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत.

काही घरांत मग रुग्णाचं दूध बंद करतात. तसं करू नका. हे हाड दुधातल्या कॅल्शियममुळे होत नाही.

आता महत्त्वाचं. लुळा पाय अचानक सुजला, गरम झाला, तर त्याला चोळू नका. तीच लक्षणं पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्यावरही दिसतात. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डॉपलर सोनोग्राफीनं गुठळी आहे की नाही ते कळतं. पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेत हाड दिसेलच असं नाही. तेव्हा रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज तपासतात, गरज पडली तर बोन स्कॅन करतात. लवकर कळलं तर सूज उतरवणारी औषधं देऊन हाडाची वाढ रोखायचा प्रयत्न करता येतो. मात्र ती औषधं मनानं घेऊ नयेत.

मग पाय हलवायचाच नाही का? हलवायचा. पण हळुवार, सांधा जेवढा सहज वळेल तेवढाच, आणि शिकून घेऊन. खुबा एकदा घट्ट झाला की माणसाला खुर्चीत नीट बसता येत नाही, अंगाचा भार एकाच बाजूला येतो आणि तिथे जखम होते. ती जखम भरायला महिनोन्महिने लागतात.

उमापूरच्या त्या बाईनं मला विचारलं होतं, "डॉक्टर, आमच्या चोळण्यानंच झालं का हो हे?" मी म्हणालो, "नाही ताई, मूळ कारण मणक्याची इजा. जोरानं दाबल्यानं त्यात भर पडू शकते, पण हे तुम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं." तिचे डोळे भरून आले. तेव्हाच ठरवलं, हे चार लोकांना सांगायचं.

हाड पुरतं पक्व झाल्यावर त्याचं ऑपरेशन झालं. आज तो चाकाच्या खुर्चीत सरळ बसतो. बायको रोज सकाळी आधी दोन्ही मांड्यांवरून हात फिरवून पाहते, एक दुसरीपेक्षा गरम तर नाही ना? त्याला जे जाणवत नाही, ते आता तिच्या हाताला कळतं.