अंगणातली शाळा
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. मी सातवी शिकलेली बाई, तेव्हा चुकलेमाकले पदरात घ्यावे. चिटणीसबाईंनी मला लोणच्यांवर बोलायला सांगितले होते. पण आज मी अनुताई वाघांविषयी बोलणार आहे. का, ते शेवटी सांगते.

अनुताईंचा जन्म १९१० साली मोरगावी झाला. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत कुंकू पुसले गेले. पण त्या कोपऱ्यात बसल्या नाहीत. १९२५ साली व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवीच, उतरल्या आणि १९२९ साली पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. मग नाशिककडे नोकरी, पुढे पुण्याच्या हुजूरपागेत. मॅट्रिक झाल्या त्या रात्रीच्या शाळेत जाऊन, आणि बी.ए. तर पन्नाशी उलटल्यावर. हे वाचले तेव्हा मला माझ्या सातवीची लाज वाटेनाशी झाली.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम काढले. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या. त्यांच्या हाताखाली अनुताई आल्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आधी मुलांची तोंडे धुवायची, केस विंचरायचे, नखे काढायची आणि मग गाणी-गोष्टी. माँटेसरीची महागडी साधने कुठून आणणार? शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने. आपल्या परसात पडलेल्या वस्तू हो!

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारल्यांची मुले गुरे राखीत, म्हणून कुरणशाळा निघाली. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येई, म्हणून शाळेला लागूनच पाळणाघर आणि बालवाडी. शिवाय गावोगाव बालवाड्या चालवायच्या तर शिकवणाऱ्या बायका हव्यात, म्हणून बालसेविका तयार करण्याचे काम अनुताईंनी वर्षानुवर्षे केले. मुक्या-बहिऱ्या मुलांसाठीही त्यांनी काम केले. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२ साली त्या गेल्या.

आता माझे कारण. माझ्या धाकट्याला ऐकू येत नाही, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. चार वर्षांचा असताना त्याला एका बालवाडीत घातले. तिसऱ्या दिवशी बाईंनी घरी पाठविले, म्हणाल्या, "इतर मुलांचा खोळंबा होतो." मी भांडले नाही. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले. दोन वर्षे तो स्वयंपाकघरात माझ्या पाटाशेजारी बसून होता. ती दोन वर्षे माझ्यामुळे गेली.

मग एका पुस्तकात अनुताई भेटल्या. मी चिंचोके, बाटल्यांची बुचे, मोठ्या-लहान वाट्या त्याच्यापुढे मांडू लागले. सासूबाई म्हणाल्या, "हा काय पसारा!" पण आठवड्यात पोर वाट्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावू लागला, तेव्हा चिंचोके निवडून द्यायला त्याच बसल्या. आज तो कर्णबधिरांच्या शाळेत जातो. दिवाळीला पाटीवर आपले नाव लिहून त्याने ती आजीला दाखविली.

पण ती शाळा सहा वर्षांनंतरची. त्याआधीचे काय? आपल्या मागच्या गल्लीत एक मुलगी आहे, पायाने अधू. तिच्या आईने तिला अजून कुठे घातलेले नाही. मी विचारले तर म्हणाली, "घेतील का हो?" तेच उत्तर मीही एकदा मनाशी देऊन बसले होते.

आपल्या मंडळाची मागची खोली बारा महिने सतरंज्या आणि मोठी पातेली यांनी भरलेली असते. सकाळचे दोन तास ती मला द्यावी, एवढेच मागणे आहे. येईल ते मूल घ्यायचे. गल्लीतली धडधाकट मुलेही हवीत, नाहीतर पुन्हा वेगळा कोपराच व्हायचा. दोघीतिघींनी पाळीपाळीने यावे, एक कंगवा आणि नखे काढायची कात्री लागेल.

पातेल्यांची काळजी नको. माझा माळा रिकामा आहे.