शाळेबाहेरची शाळा
(पालक मेळाव्यातील भाषण)



सहलीची वर्गणी गोळा होऊ लागली की काही पालक शिक्षकांना बाजूला घेऊन सांगतात, "सर, आमच्या मुलाला राहू द्या. त्याला काही समजायचं नाही, तुम्हाला मात्र त्रास." या बोलण्यामागे माया असते. परंतु ज्याची बुद्धी सावकाश चालते, ज्याला दिसत वा ऐकू येत नाही, त्यालाच सहलीची गरज अधिक आहे. इतर मुले पाहून शिकतात. त्याला तीच गोष्ट प्रत्यक्ष जागेवर, स्वतःच्या हाताने, पुन्हा पुन्हा करावी लागते.

सहल म्हणजे केवळ किल्ला आणि समुद्रकिनारा नव्हे. एस.टी. स्थानक, पोस्ट, आठवड्याचा बाजार याही सहलीच्याच जागा आहेत. एस.टी.च्या प्रवासाचे तुकडे पाडा: गाडी ओळखणे, रांगेत उभे राहणे, गावाचे नाव सांगणे, पैसे देणे, तिकीट जपणे, उतरणे. एका फेरीत एकच तुकडा मुलाकडे सोपवा. बाकीचे आपण करा. तो जमला की दुसरा द्या.

व्यवहार खऱ्या पैशानेच शिकवा. नोटांच्या कडेला बोटांना लागणाऱ्या उठावाच्या रेघा आहेत: 100 च्या नोटेला चार, 500 च्या नोटेला पाच, आणि 200 च्या नोटेला चार रेघांमध्ये दोन वर्तुळे. 20 रुपयांच्या नाण्याला 12 बाजू आहेत. न दिसणाऱ्या मुलाच्या बोटांना याची सवय दुकानाच्या फळीवरच लागते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे शासनमान्य शाळांनी अशा मुलांना खेळ व करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावयाची आहे. तेव्हा त्याला सहलीला नेणे हे कोणाचे उपकार नव्हेत. काळजी जरूर घ्या. खिशात नाव, फोन नंबर आणि औषधाची चिठ्ठी असू द्या. मुलगी असेल तर एखाद्या आईने सोबत यावे.

विद्यार्थी मित्रांनो, त्याची पिशवी तुम्ही उचलू नका. त्याला उचलू द्या, तुम्ही शेजारून चाला.

पालकहो, आई-बाप जन्माला पुरत नाहीत. आपल्या माघारी त्याला औषध आणायला, गाडीत बसायला, चार माणसांत बोलायला यावे, ही आपली खरी कमाई. म्हणून पुढच्या सहलीच्या यादीत त्याचे नाव आधी लिहा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.