किरणोत्सर्ग आणि कुरणातले गवत



मी बी. ए., बी. एड. शिक्षक, शास्त्रज्ञ नव्हे. नववीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, चेर्नोबिलला आता सगळे हिरवेगार आहे म्हणे. मग धोका संपला ना?" त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. घरी जाऊन वाचले, ते आज सांगतो.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रुकहेवन ही प्रयोगशाळा आहे. १९६१ साली तिथल्या ओक आणि पाइनच्या रानात सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी धातूचा बंदिस्त साठा ठेवण्यात आला. रोज सुमारे वीस तास त्याचे गॅमा किरण रानावर पडत. जॉर्ज वुडवेल या शास्त्रज्ञाला दिसले ते असे, की रान सरसकट मेले नाही. वरून खाली, थराथराने सोलले गेले. आधी पाइन गेले, मग ओक, मग झुडपे. त्यांच्या आत तग धरली ती गवतासारख्या एका लव्हाळ्याने. अगदी साठ्याजवळ तेही नाही, नुसते शेवाळ आणि दगडफूल.

असे का व्हावे? पाइनच्या पेशींतील गुणसूत्रे मोठी असतात, आणि मोठ्या गुणसूत्रांना किरणांचा घाव अधिक बसतो. शिवाय झाडाला उंच सांगाडा पोसावा लागतो, त्याचे शेंडे उघड्यावर असतात. गवताचा कोंब मात्र जमिनीलगत दडलेला. शेळी चरून गेली तरी पावसानंतर माळ पुन्हा फुटतो, हे आपण पाहतोच. तगले म्हणजे पूर्ववत राहिले, असे मात्र नव्हे. वनस्पतींचे प्रकार पुष्कळ कमी झाले.

चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ चा. भट्टीजवळचे पाइन तांबूस पडून मेले. पुढे तिथे गवत आणि बर्च उगवले. पण ब्रुकहेवनचा साठा बंदिस्त होता, त्यामुळे तिथले गवत स्वतः किरणोत्सर्गी झाले नाही. भट्टीतली धूळ उघड्यावर उडाली. आयोडीन-१३१ कुरणांवर पडले, गाईंनी ते गवत खाल्ले, मुलांनी दूध प्यायले, आणि पुढे हजारो मुलांना गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला. त्यांच्या आईबापांना दूध पाजताना काय ठाऊक असणार!

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला उत्तर असे : बाळ, गवत हिरवे झाले ते स्वतःपुरते. आयोडीन आठ दिवसांत निम्मे होते, ते केव्हाच सरले. सीझियमला निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात, आणि ते अजून मातीतून मुळांवाटे त्याच हिरव्या पात्यात चढते आहे.