जुन्या मशीनवर रेंडर: मेमरी जाते कुठे?

घरात आठ-दहा वर्षांचा कॉम्प्युटर आहे, ब्लेंडर उघडतं, मॉडेल छान फिरतं, आणि रेंडर दाबलं की सगळं गोठतं. मग कोणीतरी सांगतं, नवीन मशीन घे. वडिलांकडे पैसे मागायला जाण्याआधी हे ऐका.

मी चेन्नईतून बोलतोय. इथल्याच पेंटामीडिया ग्राफिक्सने २००० साली मोशन कॅप्चर वापरून 'सिंदबाद: बियाँड द व्हेल ऑफ मिस्ट्स' हा पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट केला. आज बघताना चेहरे बाहुल्यांसारखे वाटतात, ते सोडा. त्या काळातलं ३२-बिट विंडोज एका प्रोग्रामला साधारणपणे २ जीबीच देत असे, आणि तेवढी रॅम तरी किती मशीनमध्ये होती!

हे ३२-बिट प्रकरण काय? २ चा ३२ वा घात म्हणजे ४२९ कोटींहून थोडे जास्त पत्ते. एका पत्त्यावर एक बाइट, म्हणून ४ जीबी. त्यातला अर्धा भाग विंडोज स्वतःकडे ठेवतं. ग्राफिक्स कार्डालाही पत्ते लागतात, म्हणून ४ जीबी रॅम बसवली तरी स्क्रीनवर तीन-सव्वातीनच दिसते. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कोअर टू ड्युओपासूनचे प्रोसेसर ६४-बिट आहेत, तेव्हा आधी विंडोज ६४-बिट आहे का ते बघा. त्यानंतरचं बंधन मदरबोर्डचं. जी-३१ चिपसेटवर ४ जीबी, एच-६१ वर १६. त्यापुढे पैसे टाकून उपयोग नाही.

आता खरा खादाड कोण? टेक्स्चर. तुमची जेपेग फाइल डिस्कवर ५ एमबीची असते, पण रेंडरच्या वेळी ती उलगडते. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे ६४ एमबी. रंग, रफनेस, नॉर्मल, डिस्प्लेसमेंट असे चार नकाशे लावले की एका भिंतीचे २५६. अशा दहा वस्तू झाल्या की अडीच जीबी संपले, आणि त्यातली निम्मी कॅमेऱ्यापासून लांब असतात! लांबी-रुंदी अर्धी करा, मेमरी पावपट होते. सायकल्समध्ये 'सिम्प्लिफाय'खाली टेक्स्चर लिमिट आहे, तिथे १०२४ ठेवून एक फ्रेम काढून बघा. फरक दिसला नाही तर तसंच राहू द्या.

टाइल लहान केली की मेमरी वाचते, हा सल्ला मात्र अर्धाच खरा आहे. १९८७ साली कुक, कार्पेंटर आणि कॅटमल यांनी रेज ही पद्धत मांडली. तिच्यात चित्राचा एक तुकडा घ्यायचा, त्यातली भूमिती बारीक करायची, रंगवायची आणि टाकून द्यायची. पिक्सारचं रेंडरमॅन त्यावरच उभं राहिलं. सायकल्स किरणांचा माग काढतं. किरण आरशाला लागून मागच्या खोलीत जाऊ शकतो, म्हणून सगळा सीन मेमरीत हजर लागतो. टाइल लहान केल्याने चित्राची जागा वाचते, सीनची नाही.

सीन हलका करायचा तर नारळाची झाडं शिफ्ट-डीने वाढवू नका, त्यात प्रत्येक झाडाची नवी प्रत होते. ऑल्ट-डी वापरा, सगळी झाडं एकच मेश वाटून घेतात. पण आधी मॉडिफायर अप्लाय करा, नाहीतर प्रत्येक झाडाचा हिशोब वेगळा होतो आणि बचत गेली. सबडिव्हिजनची एक पायरी वाढली की फेस चौपट होतात, हेही विसरू नका.

रात्रभर रेंडर लावायचा असेल तर इंटरफेस बंद करून कमांड लाइनवरून लावा. आणि थेट व्हिडिओ नको, पीएनजीची मालिका काढा. तीनशेपैकी दोनशेदहाव्या फ्रेमला मशीन पडलं, तर सकाळी दोनशेदहापासून पुढे.

एवढं करूनही रॅम वाढवायची असेलच, तर चेन्नईत अण्णा सालईजवळची रिची स्ट्रीट, मुंबईत लॅमिंग्टन रोड. स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबी डीडीआर-३ च्या काही पट्ट्या फक्त एएमडी बोर्डांवर चालतात, इंटेलवर मशीन सुरूच होत नाही. तेव्हा बोर्डचं नाव कागदावर लिहून न्या, जमलं तर सीपीयूच न्या, आणि पट्टी तिथेच लावून बघा.